सहामाहीत गुण घसरले: आळस, मोबाइल की आणखी काही? शिक्षकाने ओळखायचं कसं?

वहीचं_शेवटचं_पान
सहामाहीचे पेपर तपासून झाले की दहावीच्या प्रत्येक तुकडीत चार-पाच नावं अशी निघतात, ज्यांचे गुण नववीच्या मानाने धाडकन खाली आलेले असतात. पालकसभेत त्यांच्यासाठी आपल्याकडे दोन वाक्यं तयार असतात: 'हुशार आहे, पण मेहनत घेत नाही' आणि 'मोबाइल काढून घ्या'. मनाचं काही बिनसलं असेल, ही शक्यता चर्चेत येते ती प्रिलिमनंतर. तेव्हा बोर्डाला जेमतेम महिना उरलेला असतो.

माझं म्हणणं असं की उत्तरपत्रिका आणि हजेरीपट नीट वाचले तर बराच अंदाज ऑक्टोबरातच येतो. वर्गात साठ-सत्तर मुलं, ३५ मिनिटांची तासिका, शिक्षकाकडे मानसशास्त्राची पदवी नाही. अशा वेळी नेमकं काय पाहावं? निदान करायचं नाहीये, निदान शंका तरी वेळेत यावी. जाणकारांनी लिहावं.

खडूफळा
'मोबाइल काढून घ्या' या वाक्याला एखादा आदर्श शिक्षक पुरस्कार द्या आता. सेवाज्येष्ठतेत सगळ्यांत पुढे आहे.

समुपदेशिका_नाशिक
चांगला धागा. आधी घसरणीचा आकार पाहावा, मग मुलाला बोलवावं.

एकाच विषयात गुण गेले असतील तर कारण बहुधा त्या विषयातच असतं: कच्चा पाया, गणिताची भीती, किंवा त्या तासाला सगळ्यांसमोर झालेला अपमान. सगळ्या विषयांत, तीन-चार महिन्यांत, एकदम घसरण असेल तर झोप, तब्येत, उदासीनता (डिप्रेशन), घरातलं भांडण किंवा वर्गातला छळ यांच्याकडे जायचं. घटक चाचणीत ठीक आणि मोठ्या परीक्षेत कोसळणं ही परीक्षेची चिंता. पहिलीपासून लेखी कच्चं पण तोंडी पक्कं असेल तर अध्ययन अक्षमतेची (वाचन-लेखन-गणितातल्या मूळच्या अडचणीची) तपासणी राहून गेलेली असते.

उत्तरपत्रिका त्याहून जास्त बोलते. चिंतेत असलेल्या मुलाच्या पेपरात पहिल्या दोन पानांवर खाडाखोड, सोपे प्रश्न चुकलेले, आणि शेवटची पानं त्या मानाने बरी असतात. उदासीनतेत उलट: पहिल्यापासून उत्तरं आखूड, चार गुणांच्या प्रश्नाला दोन ओळी, मागचे प्रश्न कोरे, आणि वेळ उरलेला असूनही कोरे. एडीएचडी (लक्ष टिकवण्याची अडचण) असेल तर रीत बरोबर, पण प्रश्नातली संख्याच चुकीची उतरवलेली, पोटप्रश्न 'आ' दिसलेलाच नाही. अध्ययन अक्षमतेत एकच शब्द एका पानावर तीन प्रकारे लिहिलेला, जोडाक्षरं फोडलेली, काना-मात्रा गळालेल्या. (ऱ्हस्व-दीर्घावरून काही ठरवू नका. त्या निकषावर अर्धं शिक्षक दालन अडकेल.)

एका पेपरावरून ठरवू नये. तीन विषयांच्या उत्तरपत्रिका शेजारी ठेवून पाहाव्यात. वर्गशिक्षकाकडे एकच विषय असतो, म्हणून हे सुटतं.

रोखठोक_आबा
वाचतोय. आमच्या काळी या सगळ्याला एकच शब्द होता, टंगळमंगळ. औषधही एकच, आणि ते शिक्षकाच्या टेबलावर असायचं. आता प्रत्येक नापास पोराला डॉक्टरी नाव चिकटवलं की पोरगंही खूश आणि पालकही. नाव मिळालं की अभ्यासाची जबाबदारी गेली.

वहीचं_शेवटचं_पान
आबा, टेबलावरच्या औषधाला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं २००९ सालीच बंदी घातली. शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही.

मनोविकार_पुणे
आबांचा मुद्दा झटकू नका. नाव चिकटवून थांबणं ही खरंच चूक आहे. पण टंगळमंगळ आणि आजार यांत फरक करता येतो.

टंगळमंगळ करणाऱ्या मुलाला अभ्यास सोडून बाकी सगळ्यात रस असतो. क्रिकेट चालू असतं, मित्र असतात, जेवण-झोप ठीक असते. उदासीनतेत आवडीच्या गोष्टीही सुटतात. गणपतीत ढोलपथकाला जाणारा मुलगा यंदा गेलाच नाही, हे गुणांपेक्षा मोठं लक्षण आहे. दुसरं, किशोरवयात उदासीनता रडवेपणानेच दिसेल असं नाही, अनेकदा ती चिडचिडीने दिसते. त्यामुळे पालक 'उद्धट झालाय' म्हणतात आणि शिक्षक 'शिस्त नाही' म्हणतात. अशी चिडचिड किंवा उदासपणा, रस जाणं, झोप-भुकेतला बदल, थकवा, एकाग्रता न होणं, स्वतःला नालायक समजणं हे दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ असेल तर दाखवायला हवं.

यात गुण का जातात? विचार करण्याचा वेगच मंदावतो. तोच परिच्छेद चार वेळा वाचून डोक्यात शिरत नाही. पालक म्हणतात, 'पाच तास पुस्तकासमोर बसतो, तरी?' बसतो हे खरंच असतं. मग गुण पडतात, त्यातून 'मी ढ आहे' पक्कं होतं आणि पुढची चाचणी आणखी खाली जाते. फिरतं चक्र आहे. आधी मन की आधी गुण, हा वाद घालण्यापेक्षा दोन्हीकडून हात घालावा.

आणखी एक. मानसोपचाराआधी रक्त तपासा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२. शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं नवीन नाही, आणि थकवा, विसराळूपणा, चिडचिड ही लक्षणं तिथेही तीच. डोळ्यांचा नंबरही पाहा. फळ्यावरचं दिसत नसलेलं मूल 'लक्ष नसलेलं' म्हणून ओळखलं जातं.

रानवाटा
डॉक्टरांच्या रक्ताच्या मुद्द्याला जोड. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. बारा वर्षांवरच्या मुलीचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षयच. शाळेत आठवड्याला एक मिळते ती निळी गोळी याचसाठी: ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड. ती मुली कचऱ्यात टाकतात, कारण उपाशीपोटी घेतली की मळमळतं. मधल्या सुट्टीत जेवण झाल्यावर, शिक्षकांसमोर द्या. त्यावर लगेच चहा नको, चहाने लोह नीट शोषलं जात नाही. सोमवार ठरवला असेल तर सोमवारी गैरहजर मुलीला मंगळवारी द्या, नाहीतर जिला गरज तिचीच राहते.

तालुक्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञ नसतो हे मान्य. पण ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिक असतं. तिथे समुपदेशक असतो आणि पुढे जिल्हा रुग्णालयात पाठवण्याची चिठ्ठीही मिळते.

निशाचर_२२
कुणी झोपेबद्दल बोलणार आहे का? माझ्या मते निम्मे धागे तिथेच संपतात.

हिशेब मांडा. सकाळचा क्लास २ तास, शाळा ६, संध्याकाळचा क्लास २, येणं-जाणं दीड. झाले साडेअकरा. घरचा अभ्यास २. झोप ८ धरली तर उरतात अडीच तास. त्यात अंघोळ, दोन जेवणं, नाश्ता आणि माणूस असणं. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते. मग ती कापूनच वेळ काढला जातो, आणि दिवसभर शिकलेलं पक्कं होण्याचं काम नेमकं झोपेत होतं. म्हणजे भरलेली घागर रोज रात्री उलटी करायची.

खडूफळा
'माणूस असणं' हा विषय बोर्डाने ऐच्छिक ठेवलाय.

मनोविकार_पुणे
+१. वयात येताना मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ सांगणारं संप्रेरक, रात्री उशिरा स्रवू लागतं, शरीराचं घड्याळ दीड-दोन तास पुढे सरकतं. अकरापर्यंत झोप न येणं हा या वयात हट्ट नसतो. गंमत पाहा, शासनाने २०२४ मध्ये सकाळी नऊच्या आधी वर्ग भरवू नका असं सांगितलं ते चौथीपर्यंतच्या मुलांसाठी. लहानगी आपणहून सहाला उठून घर डोक्यावर घेतात. उशिरा शाळा ज्यांना खरी हवी ते नववी-दहावीवाले सातच्या अधिवेशनात पेंगतात.

निशाचर_२२
अगदी! आणि उपाय 'लवकर झोप' असा नसतो, झोप आज्ञा पाळत नाही. उठण्याची वेळ आधी पक्की करा, रविवारीही फार तर एक तास उशीर. उठल्यावर २०-३० मिनिटं उजेडात: गच्ची, गॅलरी, चालत शाळा, काहीही. झोपायची वेळ दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे आणा. एकदम दोन तास अलीकडे आणली की मूल अंधारात छताकडे बघत काळजी करतं आणि अंथरूण म्हणजे काळजीची जागा होते. दुपारी चारनंतर चहा-कॉफी नको. कॅफिनचा निम्मा अंश पाच-सहा तासांनंतरही अंगात असतो, म्हणजे रात्री नऊचा 'अभ्यासाचा चहा' दोन-तीन वाजेपर्यंत अर्धा शिल्लक.

बारावी_सायन्स
चहा सोडून काहीही मागा.

बीजगणित_बाई
परीक्षेच्या चिंतेबद्दल थोडं, कारण तिथे शिक्षकाच्या हातात बरंच असतं. 'येत होतं पण आठवलं नाही' ही सबब नसते. डोक्यात एका वेळी थोडंच मावतं. त्यातली अर्धी जागा 'नापास झालो तर' यानं अडवली की समीकरणाची तिसरी पायरी लिहिताना पहिली निसटते. म्हणून बीजगणितात, जिथे पायऱ्या धरून ठेवाव्या लागतात, हे जास्त दिसतं.

चुकतं कुठे? मुलं वाचून-वाचून अभ्यास करतात. ओळखीचं वाटतं म्हणजे येतं, असा समज होतो. मग दोन तासांच्या ४० गुणांच्या पेपरात पहिल्यांदाच पुस्तक बंद करून आठवायची वेळ येते. त्यामुळे डिसेंबरपासून आठवड्याला दोन पेपर घड्याळ लावून, टेबल-खुर्चीवर, पाणी पिण्यापुरतं उठून. पहिले तीन पेपर गुण न देता तपासा, फक्त चुका खुणा करून परत द्या. गुण लिहिले की मुलं चुका बघतच नाहीत, शेजाऱ्याचे गुण बघतात.

पेपर हातात आल्यावर: पाय जमिनीला टेकवून चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, असं दहा वेळा. सोडलेला श्वास लांब हवा, त्यानं धडधड उतरते. मग पूर्ण येणारा प्रश्न आधी. अडलं तर दोन मिनिटांत पुढे, जागा सोडून. हे वर्गात सवयीचं करून घ्या. परीक्षेच्या सकाळी पहिल्यांदा सांगितलेला श्वास उपयोगाचा नाही, उलट 'हेही जमत नाही' अशी नवी काळजी.

रोखठोक_आबा
हे पटलं, बाई. थोडी भीती मात्र हवीच. अजिबात भीती नसलेली पोरं बघितली की आम्हालाच चिंता वाटते.

बीजगणित_बाई
थोडी हवीच, आबा. ताण काही मर्यादेपर्यंत कामगिरी वाढवतो, पुढे पाडतो, हे मानसशास्त्रात १९०८ पासून माहीत आहे. काम जितकं अवघड, तितकी ती मर्यादा लवकर येते. घोकलेली व्याख्या घाबरूनही लिहिता येते, प्रमेय नाही.

विशेष_शिक्षिका
अध्ययन अक्षमतेबद्दल, कारण इथे तारखा चुकतात. दहावीच्या जानेवारीत प्रमाणपत्राची धावपळ करणारे पालक दर वर्षी दिसतात. बोर्डाच्या सवलती (तासाला २० मिनिटं जादा वेळ, लेखनिक, काही ठिकाणी गणकयंत्र) शाळेमार्फत अर्ज करून मिळतात आणि त्यासाठी शासकीय वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. खासगी मानसशास्त्रज्ञाचा अहवाल मार्ग दाखवायला उपयोगी, पण बोर्डासमोर पुरत नाही. मुंबईत सायन, नायर, केईएम अशा रुग्णालयांत तपासणी होते. डोळे-कान, बुद्ध्यांक, वाचन-लेखन-गणिताची चाचणी, मनोविकारतज्ज्ञांची भेट, अशा तीन-चार फेऱ्या आणि मध्ये प्रतीक्षा यादी. म्हणून आठवीतच सुरुवात करा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यांतला एक. प्रमाणपत्र वयाची आठ वर्षं झाल्यावर मिळतं, १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी. तिसरीत काढलेलं फाईलला लावून निर्धास्त बसू नका. आणि मराठी माध्यमाच्या मुलाची चाचणी मराठीतच हवी. 'डाली' नावाची चाचणी भारतीय भाषांसाठीच बनवलेली आहे, तिच्यात मराठी आहे. इंग्रजी चाचणीवर मराठी माध्यमाचं कोणतंही मूल अक्षम दिसेल.

मनाशी संबंध हा की आठ वर्षं 'लक्ष दे' ऐकलेलं मूल नववीपर्यंत चिंतेत किंवा उदासीनतेत गेलेलं असतं. डॉक्टर चिंतेवर उपचार करतात, मूळ वाचनाची अडचण तशीच, सहा महिन्यांनी पुन्हा तेच. दोन्ही तपासा.

मांडवीकाठचा
गोव्याहून. धाग्याच्या मूळ प्रश्नाला थोडा छेद देतो: हे सगळं शिक्षकानेच करावं का? गोव्यातल्या 'संगाथ' संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात 'सेहेर' नावाचा प्रयोग केला, ७४ माध्यमिक शाळांत. काही शाळांत तोच कार्यक्रम प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकाने राबवला, काहींत शिक्षकाने, काहींत कुणीच नाही. २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. समुपदेशकाच्या शाळांत वातावरण सुधारलं, छळ आणि उदासीनतेची लक्षणं घटली. शिक्षकाने राबवलेल्या शाळांत फरक पडला नाही. समुपदेशक पदवीधर मानसशास्त्रज्ञ नव्हता हे लक्षात घ्या. मला त्यातून दिसतं ते असं: जो गुण देतो, त्याच्याजवळ मूल मन मोकळं करत नाही.

खडूफळा
आणि जो जनगणना, निवडणूक, पोषण आहार आणि ऑनलाइन माहिती भरतो, त्याला ऐकायला वेळ नसतो.

समुपदेशिका_नाशिक
मांडवीकाठचा, सहमत. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये १०० वा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा असे निर्देश दिले. कागदावर बऱ्याच ठिकाणी तो 'समुपदेशक' म्हणजे मराठीचे सर असतात.

आणि खरा समुपदेशक असला तरी व्यवस्था घात करते. खोली मुख्याध्यापकांच्या दालनाला लागून. शिपाई दारात उभा राहून नाव पुकारतो, 'समुपदेशकांकडे बोलावलंय'. संपलं! वर्गाने उरलेलं वर्षभर नाव ठेवलंच म्हणून समजा. खोली वाचनालयाकडे हवी, भेट पीटी किंवा ग्रंथालयाच्या तासाला, चिठ्ठीवर फक्त वेळ. पहिल्याच भेटीत मुलाला सांगायचं: इथलं इथेच राहतं, पण तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर घरी सांगावं लागेल. हे आधी न सांगता नंतर पालकांना फोन केला की ते मूल पुन्हा कुणाकडेच जात नाही.

बारावी_सायन्स
आमच्याकडे खोलीवर 'समस्याग्रस्त विद्यार्थी कक्ष' अशी पाटी आहे. कोण जाईल?

रोखठोक_आबा
पाटी लिहिणाऱ्यालाच आधी आत पाठवा.

वहीचं_शेवटचं_पान
एक अवघड प्रश्न. मूल 'जगण्यात अर्थ नाही' असं निबंधात किंवा वहीच्या मागे लिहितं तेव्हा? बहुतेक जण घाबरून गप्प बसतात, विचारलं तर डोक्यात भरेल म्हणून.

मनोविकार_पुणे
विचारल्याने डोक्यात भरत नाही. बाजूला नेऊन, शांतपणे, सरळ शब्दांत विचारा: 'जीव द्यावासा वाटतो का?' 'असला वेडा विचार करत नाहीस ना?' असं विचारलं की उत्तर 'नाही' हेच येणार. हो म्हणालं तर 'असं बोलू नये', 'आईचा विचार कर' नको. ऐका, एकटं सोडू नका, त्याच दिवशी पालकांना शाळेत बोलवून समोरासमोर सांगा, मुलाच्या हातात चिठ्ठी देऊ नका. घरात औषधं आणि शेतघरात कीटकनाशकं कुलुपात. 'टेलि-मानस' १४४१६ वर दिवसरात्र, मराठीत, मोफत बोलता येतं. शिक्षकही सल्ल्यासाठी लावू शकतो. तातडी वाटली तर वाट न पाहता जवळचं रुग्णालय.

उपचाराच्या तारखांबद्दलही लिहितो. उदासीनतेवरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, सुरुवातीला अस्वस्थता वाढू शकते म्हणून दर आठवड्याला भेट हवी. बोर्डाची लेखी फेब्रुवारीत. जानेवारीअखेर आणलेल्या मुलाला त्या परीक्षेत औषधाचा फार फायदा होत नाही, नोव्हेंबरात आणलेल्याला होतो. सौम्य असेल तर गोळीशिवाय, समुपदेशनानेही भागतं. आणि 'पेपर संपला, गोळी बंद' ही नेहमीची चूक. बरं वाटल्यावरही काही महिने चालू ठेवून, डॉक्टरच हळूहळू कमी करतात.

निशाचर_२२
मूळ प्रश्नाकडे येऊ या का? पालकसभा पुढच्या शनिवारी असेल सगळ्यांकडे. 'मेहनत घेत नाही'च्या जागी काय बोलायचं?

समुपदेशिका_नाशिक
आधी सभेआधीचं काम. त्या चार-पाच मुलांचे तीन पेपर, जूनपासूनची हजेरी (सोमवार आणि चाचणीचे दिवस वेगळे मोजा), आणि मधल्या सुट्टीत मूल कुणाबरोबर असतं हे दोन दिवस पाहून ठेवा. पालकांशी बोलताना रांगेत नाही, बाजूला दहा मिनिटं, आणि मुलाला समोर उभं करून नाही.

वाक्य निरीक्षणाचं हवं: 'ऑगस्टपासून चार विषयांत वीसेक गुण कमी झालेत, सहा सोमवार गैरहजर आहे, पूर्वी कबड्डीला असायचा, आता नसतो. घरी काय दिसतं?' मग गप्प बसा. झोप किती वाजता, जेवण, चिडचिड, घरात अलीकडे काही बदललं का, एवढंच विचारा. 'डिप्रेशन', 'मानसिक' हे शब्द शिक्षकाने काढू नयेत. वडील तिथेच उठून जातात. 'तब्येत एकदा दाखवून घेऊ, रक्तापासून सुरुवात करू' याला कुणी नाही म्हणत नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा भेटायची तारीख तिथेच वहीत लिहा. ही तारीख ठरत नाही म्हणून सगळं प्रिलिमवर जातं.

वहीचं_शेवटचं_पान
हे छापून शिक्षक दालनात लावतो. सोमवार वेगळे मोजायचं डोक्यात आलं नव्हतं.

रोखठोक_आबा
सगळं वाचलं. एक राहिलं. मोबाइल काढून घ्यायचा की नाही, ते कुणीच सांगितलं नाही. नातू दहावीला आहे.

निशाचर_२२
आबा, हिसकावून घेतला तर तो रात्री दुसऱ्या कुणाचा तरी वापरेल. झोपायच्या तासभर आधी बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावायचा, गजरासाठी दीडदोनशेचं साधं घड्याळ आणायचं. घरातल्या सगळ्यांचे मोबाइल तिथेच.

रोखठोक_आबा
सगळ्यांचे म्हणजे माझाही?

निशाचर_२२
तुमचाही.

रोखठोक_आबा
बघतो. शनिवारपासून.